मिर्चाचा शेवटचा बॉल

ऊर्जानगर, ता. ९ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप लहानूभाऊंच्या पायाशी चंद्रपूरच्या जावयाचा नमस्कार पोचो.

तुमचा दमा, वहिनींचा गुडघा आणि यंदाचं धान, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. (ही आशा वेगळी. दुसरी शनिवारच्या बसनं तुमच्याकडं पोचलीच आहे.) तिनं आल्याआल्या सगळं सांगितलं असेल, पण ते तिच्या बाजूनं असेल, म्हणून हे पत्र.

आमच्या कॉलनीच्या क्लबात यंदा टेनिसची स्पर्धा झाली. पुरुष एकेरी, तीही पोट भरण्यासाठी खेळणाऱ्यांची. देशोदेशीची पोरं गावोगाव हिंडतात, जिंकली की जगाच्या यादीत वर सरकतात, आणि त्या यादीत फार खाली असलेली चंद्रपूरला येतात. रेस्ट हाऊस लहान, म्हणून खेळाडू क्वार्टरोक्वार्टरी वाटले. आमच्या वाट्याला रोमानियाचा आला. नाव मिर्चा. (खरंच. मी पासपोर्ट पाहिला.) आशानं त्याला दारातच विचारलं, "काऊन रे, तिखट चालते का तुले?" त्याला मराठी येत नाही, तिला इंग्रजी येत नाही, तरी दोघं दिवसभर बोलत. माझ्याशी ती मराठीत बोलते, पण इतकं नाही. पहिली मॅच तो वांग्याची भाजी खाऊन जिंकला, त्यामुळं फायनलपर्यंत घरात दुसरी भाजी शिजली नाही. (मीही तीच खाल्ली. मी काही जिंकलो नाही.) एकदा त्याचे मोजे वाळत घालताना ती म्हणाली, "याची माय नाई जी. लहानपनीच गेली." हे तिला कोणत्या भाषेत कळलं, ते मी विचारलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही, हे तुम्ही जाणताच.

मला क्लबानं लाइनमन नेमलं. (विजेचा नव्हे. तसे इथं पुष्कळ आहेत.) खुर्चीवर बसून एका पट्टीकडं बघायचं, बॉल बाहेर पडला की हात पसरून "आऊट" ओरडायचं, आत पडला, म्हणजे "इन" असला, तर गप्प बसायचं. मिर्चा माझ्या घरी उतरला आहे, मला फायनलला बसवू नका, असं मी रेफरीसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांच्याच घरी कोणी ना कोणी उतरलाय, गुणवंतराव. बसा."

फायनल एका लांब हातांच्या कझाक पोराशी. दोघांनी एकेक सेट घेतला, तिसरा शेवटाला आला, आणि आता एक गुण गेला की मिर्चा हरणार, अशी वेळ आली. त्यानं जोरात मारला. बॉल माझ्या पट्टीच्या चार बोटं बाहेर पडला. समोरच आशा बसली होती, आणि ती बॉलकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मी हात पसरून ओरडलो.

लहानूभाऊ, तुमची बहीण खुर्चीवर उभी राहिली. "आत होता! म्या पायला!" उंच खुर्चीवरच्या अंपायरनं इंग्रजीत शांत राहायला सांगितलं. "तुमी गप ऱ्हा जी, हा आमच्या घरचा मामला आहे," असं तिनं त्याला समजावलं. आमचं कोर्ट लाल मातीचं, बॉलची खूण उमटते, आणि वाद झाला की अंपायर उतरून ती बघतो. तो उतरू लागला, पण त्याच्या शिडीला पायऱ्या फार. आशा आधी पोचली. वाकून तिनं खूण निरखली, "हे पाहा, हे पाहा" म्हणत वळली, आणि तिच्यासोबत पदरही वळला. अंपायर आला तोवर माती सारवल्यासारखी. खूण नसेल तर लाइनमनचा शब्द कायम, असा नियम आहे. मिर्चा हरला.

त्यानं कझाकाशी हात मिळवला, माझ्याशीही मिळवला, आणि मग आशाच्या पाया पडला. (हे त्याला कोणी शिकवलं, ठाऊक नाही.) ती रडली. घरी आल्यावर एवढंच बोलली, "लेकराले घरच्याच मानसानं हरवलं," आणि पिशवी भरली.

मला दिसलं ते मी बोललो. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्यासमोर मोठ्यानं बोललो तो हा एकदाच, तोही नेमलेलं काम म्हणून.

तुमचा,
गुणवंत

ता. क. तिला पाठवून द्या. घरातली शांतता सोसवत नाही.

ता. क. दुसरा. शांतता पूर्ण नाही. मिर्चा अजून इथंच आहे. पुढची स्पर्धा महिनाअखेरीस आहे म्हणतो, पण तिला भेटल्याशिवाय तो हलायचा नाही, हे मला दिसतं. माझ्या हातचं तो खात नाही. (मीही नाही.) तेव्हा रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडं चिमूरला येतो. बॉल बाहेर होता हे तो स्वतः कबूल करतो. चार नव्हे, सहा बोटं, असं दाखवतो. हेच तिच्यासमोर सांगशील का, असं मी हातवारे करून विचारलं. बराच विचार करून त्यानं चक्क मराठीत उत्तर दिलं, "माय म्हनते तं इन."