शनिवारच्या बाकाची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा मोटार वाइंडिंगचा, गल्लीत ‘कानवाले मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे, ब्लड प्रेशर काल एकशे तीस-ऐंशी भरले आणि हे लिहायला मला कोणी भरीस पाडलेले नाही. वकिलांनी “थोडक्यात लिहा” असा दबाव आणला, तो मी झुगारला. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर माझ्या स्वकष्टाचे असून ते पत्नीचे राहील. “आई, एवढं मोठं घर तुला एकटीला कशाला?” हा विषय तिच्या हयातीत कोणी काढू नये.

कलम २. बँकेतील ठेवी मुलीला. वर्कशॉप, तिथल्या शनिवारच्या बैठकीसकट, हवे का, असे तिला विचारले होते. “बाबा, माझ्या शनिवारवर डोळा ठेवू नका,” म्हणाली. विषय मिटला.

कलम ३. पान्यांचा मोठा संच मेहुण्याला. मी शनिवारची बैठक सुरू केली तेव्हा “दाजी, पुरुषांचं रडगाणं मंडळ काढलंत की काय?” असे चारचौघांत विचारणारा हाच. आता शटरपाशी सगळ्यांच्या आधी हाच उभा असतो. पाने घेताना त्याने ते वाक्य चारचौघांतच मागे घ्यावे.

कलम ४. वर्कशॉप, आतील यंत्रे व लांब बाक.

या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे. बारा वर्षे दर शनिवारी दहा ते बारा इथे पुरुषमाणसे जमतात. ज्याने त्याने घरची बिघडलेली वस्तू आणायची आणि बाकावर शेजारी शेजारी बसून दुरुस्त करायची. समोरासमोर बसवून “मन मोकळं करा” म्हटले, तर आमच्यातला एकही तोंड उघडणार नाही. नजर स्क्रूवर असली की आपोआप बोलतात. महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या नर्सबाई प्रेशर मोजायला येतात. एकदा बाकावरचे निवृत्त पोस्टमन म्हणाले, “बाई, तुमचं यंत्र बिघडलंय, दोनशे दाखवतंय.” बाई म्हणाल्या, “काका, यंत्र ठीक आहे. रिपेअरला तुम्हालाच ठेवून घेते.” खरोखरच ठेवून घेतले, आठ दिवस.

माझ्या हातून झालेली चूकही इथे नोंदवतो. एका शनिवारी आमच्यातला बस ड्रायव्हर मिक्सर घेऊन आला. मी चालू करून ऐकला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “अरे, ठणठणीत आहे हा! घरी घेऊन जा.” तो गेला आणि पुढचे तीन महिने आलाच नाही. साखर वाढून त्याची नजर अधू झाली होती, डेपोने गाडीवरून उतरवले होते. रोज युनिफॉर्म घालून बागेत बसायचा आणि घरी सांगायचा नाही. औषधेही सोडली होती. शेवटी चक्कर येऊन पडला तेव्हा कळले. बेअरिंगचा बारीक आवाज पकडणाऱ्या मला, चांगला मिक्सर हा माणूस का घेऊन आला, एवढे ऐकू येऊ नये? तेव्हापासून नियम असा की, आणलेली वस्तू चालू असली तरी उघडायची, सावकाश पुसायची आणि “काही झालेलं नाही” हे शब्द उच्चारायचे नाहीत.

वर्कशॉप बैठकीच्या नावे करावे असा माझा विचार होता. वकील म्हणाले, तुमची बैठक कुठे नोंदवलेलीच नाही, जागा माणसाच्याच नावे करावी लागेल. आता मुलगा उरला. त्याचे सुरुवातीपासून एकच पालुपद, “बाबा, ही जागा शोरूमला द्या.” म्हणून दुसऱ्या मृत्युपत्रात मी त्याच्यावर अकरा अटी घातल्या होत्या.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मुलगा इस्त्री घेऊन आला. नवी कोरी, मुठीवर स्टिकर तसाच. मेहुणा काहीतरी बोलणार होता, मी त्याचा पाय दाबला. मुलाला शेजारी बसवून स्क्रू ड्रायव्हर दिला. तिसऱ्या स्क्रूला तो म्हणाला, “बाबा, सहा महिने झाले, मला झोपच नाही. छातीत धडधडतं.” मी वर पाहिले नाही. “हं. हा स्क्रू वाटीत टाक, हरवेल,” म्हणालो. मग तो बारापर्यंत बोलत होता. सोमवारी दोघे डॉक्टरकडे गेलो. आता शनिवारी येतो, इस्त्री आणत नाही.

सबब वर्कशॉप मुलास देत आहे. अकराही अटी मी स्वतः खोडल्या आहेत. वकील म्हणाले, “मास्तर, उद्या त्यानं जागा विकली तर?” विकू शकतो. अट घातली तर तो माझ्या धाकाने शटर उघडेल, आणि धाकाने उघडलेल्या जागेत कोण बोलणार?

कलम ५. माझी शोकसभा घेऊ नये. मी गेल्यावरचा शनिवार नेहमीसारखा व्हावा. माणसे दारात घुटमळतील. मुलाने त्यांच्या हातात काहीतरी उघडायला द्यावे आणि स्वतः शेजारी बसावे.

साक्षीदार:
१. बस ड्रायव्हर, आता डेपोत चौकशी खिडकीवर (सही)
२. दवाखान्यातील नर्सबाई (सही)

आम्हा दोघांसमक्ष मास्तरांनी शुद्धीत सही केली.

लिहून ठेवणार: कानवाले मास्तर (सही)
ठिकाण: वर्कशॉप
दिनांक: १४ जून २०२५, शनिवार, सव्वाबारा