सोमवारी मैदान बंद

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. अंजूरच्या मुलींना आता मी कबड्डी शिकवते. मैदानाच्या दोन बाजूंना गोदामं उठलीत, ट्रक वळला की धूळ उडते, तरी मुली येतात. वहिनी अजून आहेत, पण हा कागद त्यांना वाचून दाखवायची माझी छाती नाही. तुम्हालाच सांगते.

सोमवारी मैदान बंद, हा तुमचा नियम. मी एकदा गुपचूप जाऊन चढायांचा सराव केला, तर तुम्ही मला आठवडाभर घरी बसवलंत. घरी म्हणजे तुमच्या घरी. वहिनींच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी कोलंबी सोलतेय आणि तुम्ही दारातून विचारताय, "जेवलीस का गो? झोप लागते ना?" मला वाटायचं, हा माणूस कोच आहे की आजी! "दमले" म्हणणाऱ्या मुलीला तुम्ही कधी हिणवलं नाहीत. "बरी आहे" म्हणणारीकडे मात्र निरखून बघायचात. फायनलच्या दिवशी माझा सुजलेला गुडघा दाबून बघितलात आणि म्हणालात, "आज तू खेलाची न्हाय. कप पुढल्या सालाला पन येल, गुडघा दुसरा न्हाय मिलाचा." आपण हरलो. मी दोन महिने तुमच्याशी बोलले नाही, केवढा माज होता मला! पुढे दहा वर्षं खेळले ती त्या दिवसामुळे. हे तुम्ही असताना सांगायचं राहिलं.

आता माझं ऐका. माझ्याकडे एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची. चढाईला गेली की समोरच्यांना पळता भुई थोडी. ही राज्याच्या संघात जाणार, असं लोक म्हणायला लागले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आधी सोमवारची सुट्टी गेली, मग सकाळचा सराव वाढला. पोरगी गप्प गप्प राहायला लागली, डबा तसाच परत न्यायची. मी म्हणायचे, "चलता है, मॅच झाली की आराम कर." गेल्या आठवड्यात अंबाडीला सामना होता. दुसऱ्या डावात ती पडली आणि तिला उठताच येईना. लिगामेंट तुटलंय. ऑपरेशननंतर चालेल नीट, पण कबड्डी विसरा, असं डॉक्टर म्हणाले.

काल तिच्या घरी गेले. पाय उशीवर ठेवून खाटेवर पडली होती. मला बघून म्हणाली, "बाई, बसा ना." मी खाटेच्या कडेला बसले. सर, अशा वेळी काय करायचं असतं, ते तुम्ही शिकवलंच नाहीत. तुमच्यावर ती वेळ आलीच नव्हती. तिची आई म्हणाली, "बाई, पाय दुखतो म्हनून तुम्हाला बोलली न्हवती का ही?" मी म्हणाले, "नाही हो, लपवलं माझ्यापासून." मुलीने माझ्याकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "हा, मीच न्हाय सांगितलं."

सांगितलं होतं, सर. सामन्याच्याच सकाळी. पट्टी मीच बांधली होती.