उलट्या वेढ्यांची माशी

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी ताईकडे चाललेय, संध्याकाळी मासेमारी क्लबात येणार नाही.

माशांना भुलवायला गळावर पिसांच्या खोट्या माश्या बांधायचा चाप, पिसं, दोरा, सगळं पिशवीत भरलंय. काल क्लबात उत्तम माश्यांचं बक्षीस घेताना ‘सगळ्या माश्या मीच बांधतो’ असं छाती फुगवून सांगितलंत, तेव्हा मी मागच्याच खुर्चीत होते. दोऱ्याचे वेढे उलटे कसे, असं सेक्रेटरींनी विचारलं, तर म्हणे, ‘ती माझी खास पद्धत!’

पद्धत कसली डोंबलाची? मी डावखुरी आहे, एवढंच.

आज सगळ्यांसमोर एक माशी बांधून दाखवायचं कबूल करून आलात ना? मग चष्मा विसरू नका. आणि दोरा तेवढा डाव्या हाताने गुंडाळा.