आईच्या पेटीतले बियाणे

गेल्या वर्षी गावातल्या शवपेट्या उचलून नेल्या, त्या सकाळी मी आईच्या पेटीच्या झाकणाला तेलाचा हात देत होतो. तिथूनच सुरुवात करतो, कारण पुढचे सगळे त्या सकाळमुळे आहे.

मी, लाय चांगग्वी, चीनच्या लोकप्रजासत्ताकाचा नागरिक, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, शिक्षण गावच्या शाळेपुरते, राहणार शानमूपिंग. माझे डोके ठिकाणावर आहे. आजारी नाही, प्यायलेलो नाही. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने लिहीत आहे. 'स्वखुशीने' हा शब्द आमच्या गावात बऱ्याच कागदांवर आहे. या कागदावर तो खरा आहे.

घर. घराखालची जमीन गावाची आहे, ती मला देता येत नाही. वरच्या विटा, तुळया आणि कौले माझी मुलगी लाय शीवेई हिला द्यावीत. तिची आई ती लहान असतानाच गेली, दुसरा वाटेकरी नाही. पूर्वेकडची तुळई वाळवीने पोखरली आहे, ती आधी बदलावी. बँकेत जे असेल ते तिचेच.

हत्यारांची पेटी. रंधे, पटाश्या, करवती आणि लाकडावर रेघ मारायची वडिलांची शाईची दोरी शीवेईने ठेवावी. विकू नये, वापरता आली नाहीत तरी चालेल. झाकणाच्या आतल्या बाजूला ग्वानयिन देवीचे चित्र चिकटवलेले आहे. ते पूर्वी भिंतीवर होते. भिंतीवर आता नेत्यांचे चित्र आहे, ते लावल्यावरच सरकारी मदतीच्या यादीत नाव राहिले. मी रोज झाकण उघडून आधी हात जोडतो, मग रंधा घेतो. तिनेही तसेच करावे. भिंतीचे चित्र काढू नये, त्यावर धूळही साचू देऊ नये, लोक बघतात.

आता त्या सकाळचे. आमच्याकडे आईबापांची साठी उलटली की मुलगा त्यांची पेटी करून घरात ठेवतो आणि वर्षातून एकदा तिला तेल देतो. पेटी रिकामी ठेवायची नाही, म्हणून तिच्यात बियाण्याचे भात भरतात. गावातल्या बहुतेक पेट्या माझ्या हातच्या होत्या. तालुक्याचा हुकूम आला की यापुढे पुरायचे नाही, जाळायचे, आणि पेट्या जमा करायच्या. गावचे पक्षसचिव पंग देश्यू माणसे आणि ट्रक घेऊन दारात आले. शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो.

"चांगग्वी, तुझ्याच हातच्या पेट्या आहेत. तू लोकांना समजावलंस तर सोपं जाईल."

"तुझ्या वडिलांचीही माझ्याच हातची आहे."

"ती मी कालच दिली. सगळ्यात आधी," तो म्हणाला. ट्रककडे बघत म्हणाला.

आई तोवर पेटीत चढून भातावर मांडी घालून बसली होती. तालुक्याहून आलेला एक पोरगेला अधिकारी मोबाइल धरून उभा होता. "आजी, बाहेर या ना. पेटी देतानाचा फोटो काढायचाय."

"काढ की. मी आत बसूनच चांगली दिसते."

दोघे-तिघे हसले. मग पंग खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, शीवेईचा शाळेच्या नोकरीचा कागद तालुक्यात पडलाय. घरच्यांचं वागणं बघूनच तो पुढे सरकतो."

"मग हे आधी नाही का सांगायचं, मेल्या?" आई म्हणाली. स्वतःच उतरली. शाईत अंगठा बुडवून 'स्वखुशीने' या शब्दाखाली उमटवला. माणसांनी पेटी कलती केली आणि भात अंगणात ओतले. कोंबड्या धावल्या. आई कोणावर ओरडली नाही. तिने झाडू मागितला. "बियाणं आहे ते," एवढेच म्हणाली, आणि दुपारपर्यंत दाणे गोळा करत बसली.

पेट्या शाळेच्या मैदानात यंत्राने फोडल्या. लाकूड फुटताना मला सांधे दिसत होते. एकही सुटला नाही, फळ्याच मोडल्या. मी रडलो नाही. आईच्या पेटीची एक फळी धड राहिली होती, ती घरी आणली. कोणी अडवले नाही.

शीवेईला नोकरी लागली. आई थंडीत गेली. तिला जाळले आणि राख तालुक्याच्या अस्थिगृहात, वरच्या रांगेतल्या एका कोनाड्यात ठेवली. नववर्षाला शीवेई घरी आली तेव्हा मी तिला माझ्या मनातले सांगितले. ती म्हणाली, "बाबा, नोकरीसाठी आजीने पेटी दिली. आता त्याच नोकरीसाठी आपण आजीलाही देऊन टाकायचं का? आणा तिला."

"नोकरीवरून काढतील तुला."

"काढू देत."

हे मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की बापाने मुलीला न विचारता तिचे नुकसान केले. तिचे नुकसान होईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

जुनी देणी-घेणी. पंग देश्यूला मी माफ केलेले नाही. त्याला वाईट माणूसही म्हणत नाही. माझी आरामखुर्ची त्याला द्यावी, त्याची पाठ दुखते.

बियाण्याचे भात मडक्यात आहे. शीवेईने यंदा पेरावे, थोडे मागे ठेवावे.

माझ्या देहाचे जे करायला लावतील ते करावे. त्यावरून भांडू नये. माझ्यासाठी अमिताभ बुद्धाचे नाव मनात घ्यावे, मोठ्याने नको.

हे लिहीत असतानाच पंग आला. शेजारचे वैद्य फू शिनक्वी साक्षीसाठी माझ्याजवळ बसले होते, ते उठू लागले. "बसा हो काका," पंग म्हणाला. "चांगग्वी, उद्या सकाळी तालुक्याला चल. अंथरूण बरोबर घे."

"किती दिवसांसाठी?"

"ते मला सांगत नाहीत." तो उभाच होता. मग त्याने विचारले, "किती खोल खणलंस?"

"कमरेइतकं."

"मग पावसात उघडं पडायचं नाही." त्याने कागदाकडे बोट केले. "साक्षीदार किती लागतात?"

"दोन."

"आण इकडे. वाचत नाही मी."

शेवटचे कलम. आज सकाळी, सगळ्यांच्या देखत, मी अस्थिगृहात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "सुतारकाका, असं नेता येत नाही हो. कोनाडा रिकामा दिसला तर मला विचारतील." मी वहीत माझे नाव लिहिले आणि कारणाच्या जागी लिहिले: घरी नेत आहे. त्या धड राहिलेल्या फळीची मी एक लहान पेटी केली आहे, बिनखिळ्याची. आई त्या पेटीत आहे, डोंगरावर, वडिलांच्या कबरीच्या डाव्या हाताला. आणि कोनाडा रिकामा ठेवायचा नाही म्हणून त्यात मी तिच्या भाताची मूठ ठेवून आलो.

लिहून देणार: लाय चांगग्वी (सही व अंगठा)
साक्षीदार: फू शिनक्वी, वैद्य (सही)
साक्षीदार: पंग देश्यू, पक्षसचिव (सही, मजकूर वाचलेला नाही)

शानमूपिंग, ५ एप्रिल २०१९, पितरांच्या कबरी झाडण्याचा दिवस