बिंदुसरेच्या कुरणाचा तह आणि माझ्यामागे त्याचा जामीन

मी, मोहनराव वल्द राधाकिशन जगताप, वय वर्षे चव्वेचाळीस, राहणार पाली, तालुका बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. यापुढे माझी बुद्धी शाबूत आहे असे लिहायचे असते. तिथे मी थांबलो. रोज तिसऱ्या प्रहरी ताप चढतो आणि समोरच्या भिंतीवरून मेंढ्यांचा कळप आवाज न करता उतरत राहतो. त्या वेळी बुद्धी शाबूत असते, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. सकाळी ताप नसतो. हे लिखाण सकाळचे आहे.

कलम पहिले. पालीचे राहते घर, बैलजोडी, गाय आणि गावालगतची जमीन पत्नी छबुबाई हिला. आम्हांस मूलबाळ नाही. दत्तक घे म्हणून भाऊबंदांनी तिच्या मागे लागू नये. हे तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर बी कचेरी चालूच ठेवनार म्हना की तुमी!" आणि हसली. तिची संमती मी त्यातच धरतो.

कलम दुसरे. इंग्रजी पुस्तके आणि कोश बीडच्या शाळेस. रोजनिशा छबुबाईकडे राहतील. कोणी वाचू नयेत असे नाही. वाचणाऱ्याने मोठ्याने हसू नये, इतकेच.

कलम तिसरे. पितळी दौत आणि लेखणी. युरोपातल्या महायुद्धानंतर बल्गेरिया नावाच्या देशानेही तहावर सही केली, असे पुण्याहून येणाऱ्या वर्तमानपत्रात वाचले. तेव्हापासून तापात मला तिकडचा, माझ्यासारखाच भाषांतर करणारा एक मनुष्य दिसतो. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असते. मी बर्फ कधी पाहिलेले नाही, म्हणून ते पिंजलेल्या कापसासारखे पडते. त्याच्यापुढे इंग्रजी तहनामा आहे. करार करणाऱ्या उभय पक्षांना आपल्या आईच्या भाषेत काय म्हणावे, हे न सुचून तो बाहेर पाहत बसतो. मी त्याला हाक मारतो आणि तो मान वर करतो. कोणत्या भाषेत हाक मारली, ते जाग आल्यावर आठवत नाही. दौत-लेखणी त्याची. पोचवणे शक्य नाही, हे मला कळते. छबुबाईने दौतीतली शाई वाळू देऊ नये.

कलम चौथे. खरे तर याच कलमासाठी हा खटाटोप आहे.

बिंदुसरेकाठचे कुरण निम्मे माझे आणि निम्मे माझे थोरले चुलतभाऊ धोंडीराम यांचे. दिवाळी सरली की शिरूर कासारकडचे धनगर मेंढ्या घेऊन तिथे उतरतात. मी बीडच्या तालुकदार कचेरीत तरजुम्याच्या, म्हणजे भाषांतराच्या, कामावर होतो, तेव्हा एका कोरड्या साली कुरणातल्या डोहाच्या पाण्यावरून आमची आणि धनगरांची डोकी फुटली. नदीची मोजणी करणारा एक इंग्रज इंजिनेर जवळच तंबू ठोकून होता. त्याने मध्यस्थी केली, आणि दुसरी रीत ठाऊक नसल्याने राजाराजांमध्ये होतो तसा तहनामा इंग्रजीत लिहून काढला: मेंढ्यांना कुरणात चारा आणि डोहावर पाणी मिळावे, त्यांनी उभ्या पिकात शिरू नये. तो मराठीत आणणे माझ्याकडे आले. एकाही बाजूचे पारडे माझ्या हातून झुकू नये म्हणून प्रत्येक ओळ परत इंग्रजीत फिरवून पाहिली. तरी 'पक्ष' लिहिताना डोळ्यांपुढे धनगरांचे म्होरके म्हाळू यांचे फुटलेले कपाळ येई, आणि ते कागदावर कुठेच उतरत नसे. तहाची मुदत कायमची होती. मी 'चंद्रसूर्य असेपर्यंत' असे लिहिले.

सगळे कुरणात बसले. मी वाचून दाखवले. म्हाळू म्हणाले, "मालक, चंद्र-सूर्य काय भांडान सोडवाया येत्यात व्हय? ज्याच्या तोंडून बोल निगाला त्यो जामीन. तुमी हाय तवर आमी हाय." मग बेल आणि भंडारा मध्ये ठेवून सगळ्यांनी उचलला, माझ्याही हातावर ठेवला. खंडोबाची ही शपथ दोन्हीकडे मानतात, आणि इथली रीत अशी की बोल काढणारा गेला की शपथ सुटते. इंजिनेरसाहेब कागदावर सह्या घेऊन समाधानाने गेले. कागद पेटीत राहिला. तह माझ्या श्वासावर चालला आहे. तेव्हापासून डोहावर कोणी काठी उचललेली नाही.

आता हकीम नाडी पाहतो आणि पावसापाण्याचे बोलतो. धोंडीरामदादा रोज समाचाराला येतात. परवा म्हणाले, "मोहन, तू बरा हो रे. पन तू न्हाईस तर मी कुरनाला काट्याचं कुंपन घालनार. आत्ताच सांगतो, मागनं फसवलं म्हनू नको." त्यांचा राग धरावा म्हणतो, पण जमत नाही. त्या कोरड्या साली मेंढरे शिरली ती त्यांच्याच ज्वारीत.

तेव्हा व्यवस्था अशी. माझे निम्मे कुरण धोंडीरामदादांस. अट एकच: माझे तेरावे होण्याआधी त्यांनी कुरणात धनगरांसमोर सगळा तहनामा स्वतःच्या तोंडाने वाचावा आणि भंडारा हातावर घ्यावा. न वाचल्यास ते निम्मे कुरण म्हाळूंचा मुलगा सुग्रीव याचे. ही लाच की वारसा, याचा निवाडा मला करता आलेला नाही. पण ज्याला तह मोडावासा वाटतो, तोच त्याचा जामीन झाला पाहिजे, याहून बरे मला सुचले नाही.

काल दादांना हे कलम वाचून दाखवले. म्हाळू उंबऱ्याशी बसले होते. दादा भडकले. "म्हंजी मला धनगराचा जामीन करतोस व्हय बे?"

म्हाळू म्हणाले, "पाटील, आमाला तरी कुटं हौस हाय? पन तुमचा आवाज लई मोटा. मेंढरांला बी ऐकू जाईल."

दाराआड छबुबाई हसली. दादा हसले नाहीत. त्यांनी तहनामा मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ ओठ हलवत राहिले. "हे 'उभय पक्ष' कावून लिवलंस? 'आमी आन् तुमी' म्हनायचं."

"दादा, तुम्ही वाचाल तेव्हा तसे वाचा," मी म्हणालो.

ते कागद घेऊन गेले. ताप चढला तेव्हा मेंढ्या उतरल्या, पण या वेळी त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो भिंतीतून येत होता की कुरणातून, ते मी कोणाला विचारले नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वाचून, समजून सही केली.

मोहनराव राधाकिशन जगताप
मुक्काम पाली, माघ शुद्ध दशमी, शके १८४१, फसली सन १३२९

साक्षीदार: बंकट तुळशीराम, सही. आश्रुबा सटवा, निशाणी अंगठा.

धोंडीरामदादा वारस असल्याने साक्षीदार होऊ शकत नाहीत, हे त्यांना सांगितले. तरी सह्या झाल्यावर त्यांनी लेखणी ओढून घेऊन खाली लिहिले. ते कोणी खोडू नये:

कलम चवथे ऐकले. वाचीन. पन माझ्यामागं कोनी वाचायचं, ते मी ठरवनार.
दस्तूर खुद्द धोंडीराम