जबड्यातली पाती आणि बाकीची मालमत्ता

...तर पुष्पा, काल चुलीपाशी माझ्या ऑपरेशनचं निघालं तेव्हा तू म्हणालीस ते मला पटलं. "एवढी खात्री असंल तर लिहून द्या, मंग मी सही करायचं बघते." म्हणून लिहून देतोय. तू सातवी पास आहेस, पण अक्षर मी मुद्दाम मोठं काढलंय. माझं मराठी नगरच्या इंग्रजी शाळेतलं आहे, तेवढं चालवून घे. कायद्याचं वाक्य आधी टाकतो. वकील म्हणाले, त्याशिवाय कागदाला वजन नाही.

मी, गोरक्ष कारभारी देवकर, वय सव्वीस, नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, शिवाय घरची शेती, राहणार कोल्हार, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीत, कोणी धाक घातलेला नसताना आणि कोणतीही नशा न करता हे मृत्युपत्र करून ठेवतो. (मी मोठ्यानं म्हणत लिहितोय आणि मनकर्णा आत्या शेजारी मिश्री लावत बसलीय. ती म्हणते, "नशा न्हाई तर जित्यापनी आसलं कशाला लिवतोस?") माझं शरीर धडधाकट आहे. माझ्या तोंडात एकही दात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

घर आणि प्रवरेकाठचं माझ्या वाट्याचं रान माझ्या बायकोचं, पुष्पावतीचं. आत्यानं मला आईवडलांच्या माघारी वाढवलं, तेव्हा पुढची खोली आणि म्हैस ती असेपर्यंत तिची. पुष्पानं आणि आत्यानं एकाच चुलीवर जेवावं ही माझी इच्छा आहे, पण वकील म्हणाले, हे कायद्यात बसत नाही.

जावा मोटारसायकल विकून टाकावी. तिचं हँडल अजून वाकडं आहे. संध्याकाळी ड्यूटीवरून येताना मी उसाच्या बैलगाडीवर मागून आदळलो, तेव्हापासून. गाडीला मागं दिवा नव्हता आणि उसाचे शेंडे रस्त्यावर लोंबत होते. लोक गाडीवानाला, सहादेवला, मारायला धावले. तो पाथर्डीकडून तोडीला आलेला माणूस. पळून गेला असता तर कोणाला सापडला नसता. पण तो माझं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. दवाखान्यात आला तेव्हा त्यानं पटक्याचं टोक सोडलं. "मालक, तुमचं दात. सापडलं तेवढं समदं आनलं. मातीतलं धुऊन घेतलं." दात परत बसवता येतील अशी त्याची समजूत होती. डॉक्टर हसले. उरलेले दातही हलत होते, ते त्यांनी काढून टाकले आणि मला कवळी दिली. सहादेवची समजूत चुकीची नव्हती, फक्त जरा लवकर होती, असं मला आज वाटतं. माझा लाल काचेचा कंदील सहादेवला द्यावा. गाडीच्या मागं बांधायला.

आता कवळी. ती श्रीमंतकाकांना.

काकांनी माझं लग्न जमवलं. तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, काष्टीच्या लोकांना, म्हणजे तुझ्या माहेरी, दातांचं सांगितलंय ना? "समदं सांगितलंय. तू फक्त मिशा वाढव." मिशा कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते मांडवात. विडा तोडायचा खेळ चालू होता. विड्याचं एक टोक मी दातात धरलं होतं, दुसरं पुष्पानं चावून ओढायचं. बायका ओरडत होत्या, "ओढ गं, ओढ!" तिनं ओढलं. विडा गेला, आणि त्याच्याबरोबर माझी वरची कवळी गेली.

पुष्पा, त्या क्षणी तू काय केलंस ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण कायदेशीर कागदावर यायलाच पाहिजे. तू किंचाळली नाहीस. मान खाली घातलीस. मुंडावळ्या पुढं आल्या, पदर तोंडाशी गेला. लोकांना वाटलं नवरी लाजली. सगळा मांडव ओरडला, "नवरी जिंकली!" आणि उपरण्याखालून माझ्या हातात काहीतरी ओलं आलं. तू कानाशी म्हणालीस, "तुमचंच हाय नव्हं? जरा घट धरा की."

मी शाळेत खूप थोर लोकांचे धडे वाचले. असं कोणी केल्याचं वाचलं नाही.

काकांनी काष्टीला दातांचं अवाक्षर काढलं नव्हतं, मिशा कवळी झाकायला होत्या. म्हणून त्यांनी ही कवळी पिशवीत ठेवावी, आणि यापुढं कोणाचं स्थळ घेऊन गेले की चहाच्या आधी ती बाहेर काढून दाखवावी. काका आत्ता ओट्यावर ऐकतायत. "म्हंजी मला काय मिळालं, तर तुझी उष्टी कवळी?" हो, काका.

आता ज्याच्यासाठी हा सगळा कागद, ते.

पुण्याचे डॉक्टर परदेशात शिकून आलेत. ते नुसते दात बसवत नाहीत, दातांना मुळं देतात. टायटॅनियम नावाचा धातू आहे, विमानात वापरतात. त्याची बोटाच्या पेराएवढी चपटी पाती असतात, त्यांना भोकं असतात. हिरडी उघडून हाडात चीर पाडायची, त्यात पातं हलक्या हातोडीनं ठोकून बसवायचं. वर फक्त एक खुंटी राहते. अशी पाती खालीवर बसली की त्यांच्यावर दातांची अख्खी ओळ पक्की करतात. काढायची नाही, रात्री वाटीत ठेवायची नाही.

मला त्यांनी एका रिटायर्ड सुभेदारांचा एक्सरे दाखवला. मी लॅबचा माणूस आहे, साखरेचे दाणे तयार होताना रोज बघतो, पण हा फोटो मी तीनदा उजेडाला धरून बघितला. हाड त्या भोकांतून आरपार वाढलं होतं, पुष्पा! त्याला कोणी सांगितलं नव्हतं. धातू परका आहे, कारखान्यात कापलेला आहे, हे त्याला कळत नाही का? कळत असूनही त्यानं पात्याला धरून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "का ते आम्हालाही पुरतं माहीत नाही." एवढा शिकलेला माणूस असं बोलला, म्हणून माझा जास्त विश्वास बसला.

त्यांनी दुसरी बाजूही सांगितली, ती लपवत नाही. घरात लपवालपवी एकदा झाली तेवढी पुरे. काही पाती धरत नाहीत. पू होतो, काढावी लागतात. गुंगीच्या औषधातून क्वचित कोणी उठत नाही. हे ऐकून तू जे बोललीस तेही इथं लिहून ठेवतो. "म्या बिनदाताच्या नवऱ्यासंगं जलमभर राहीन. बिननवऱ्याची न्हाई राहनार." मी एवढंच सांगतो. दिवसभर मी उसाच्या रसाची गोडी मोजतो आणि कवळी निसटते म्हणून घरी येऊन पेज पितो. हुरड्याला लोक बोलावतात, मी आगटीजवळ बसून दुसऱ्यांचे जबडे बघतो. मला माझ्या तोंडानं उसाचं एक कांडं सोलायचंय. त्याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

तू सही दिली नाहीस तर मी ऑपरेशनला जाणार नाही, आणि त्याबद्दल मनात काही धरणार नाही. हेही या मृत्युपत्राचं कलम समजावं.

शेवटची सूचना ऐंशीव्या वर्षी मेलो तरी लागू. तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाल तेव्हा अस्थींबरोबर ती भोकांची पाती सापडतील. काळीनिळी झालेली असतील, पण वितळणार नाहीत, मी पुस्तकात बघितलंय. भुताटकी समजून कोणी पळू नये. अस्थी प्रवरेत सोडाव्यात, पाती डॉक्टरांकडं पाठवावीत. एक मात्र घरी ठेवावं. नातवंडांनी हातात धरून बघावं. आजोबा सगळा जळाला आणि त्याची मुळं राहिली, हे मला स्वतःला बघता येणार नाही, याचंच वाईट वाटतं.

साक्षीदार:
श्रीमंत रामजी देवकर (ज्याला काही मिळत नाही त्यानं साक्षीदार व्हावं, असं वकील म्हणाले. वापरलेली कवळी मालमत्तेत धरत नाहीत, हे विचारून घेतलंय.)
छगन बाबुराव कदम, शेजारी

सही: गोरक्ष कारभारी देवकर
मुक्काम कोल्हार, ७ फेब्रुवारी १९७१

पुष्पा, हॉस्पिटलचा फॉर्म याच पाकिटात आहे, तुझ्या सहीची जागा कोरी आहे. बरा होऊन आलो तर दारात चहा नको. विडा करून ठेव. एक टोक मी दातात धरीन, दुसरं तू धर आणि मांडवात ओढला होतास त्याच्या दुप्पट जोरानं ओढ. तुला काय वाटतं, या वेळी धरतील का घट?