निफाडचा रोल

पप्पा,

कॅमेरा द्वारका चौकातल्या दुकानात दुरुस्तीला नेऊ नका, तो बिघडलेला नाही. सेल बदलून पाहिले, शटर नीट पडतंय. छत्तीस फोटो होऊनही लीव्हर अडत नव्हता, म्हणून रोल गुंडाळायची किल्ली फिरवली, तर ती मोकळीच फिरली. उघडून पाहिलं, तर रोलचं टोक चाकात अडकलंच नव्हतं; रोल पुढे सरकलाच नाही, एकही फोटो निघालेला नाही. निफाडला निघताना तो मीच घाईत भरला होता. तुम्ही "बघू दे" म्हणालात, तरी दिला नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला लावायला दुसरा फोटो मिळतो का बघायला नाशिक रोडला मामांकडे जातेय. पिठलं झाकून ठेवलंय, जेवून घ्या.

त्या दिवशी द्राक्षांच्या बागेत तिने छत्तीस वेळा पदर सारखा केला होता, पप्पा.

मोहिनी